बहात्तर हजर

शहरभराचं मैलापाणी जिथं येऊन पडतं, त्या केंद्रात रोज सकाळी सात वाजता एक माणूस कॉम्प्युटरपुढं उभा राहून फायलींची हजेरी घ्यायचा. खुर्ची होती, पण तिच्या दोन्ही हातांवर पाळीवाल्यांच्या तळहातांचा इतका मळ साठला होता की नखानं खरवडला तर वडी निघावी. म्हणून हा उभाच. खिशातलं स्वतःचं फडकं काढायचं, कीबोर्ड पुसायचा, पुसलेलं फडकं नाकापासून लांब धरून घडी घालायची, आणि मग दोन बोटांनी एल, एस, एंटर. काळ्या पडद्यावर कालच्या दिवसाची चोवीस नावं भराभर उतरायची. हा मोठ्यानं वाचायचा.

"बाराची? हजर. एकची? हजर. दोनची? हजर."

सगळं केंद्र त्याला 'हजेरी'च म्हणायचं. खरं नाव ओळखपत्रावर होतं, आणि ओळखपत्र घरी खुंटीला.

काम असं होतं, की साफ केलेलं पाणी ज्या शेवटच्या नाल्यातून नदीला मिळतं, त्या नाल्यात एक मीटर लोंबकळत असे. पाणी किती घाण, किती स्वच्छ, ते तो मीटर दर तासाला मोजायचा आणि कॉम्प्युटरमध्ये एक फाईल टाकायचा. दिवसाचे तास चोवीस, म्हणून फायली चोवीस. प्रत्येक दिवसाचा फोल्डर आपोआप तयार व्हायचा. कुणी बघो न बघो, मीटर टाकत राहायचा. हजेरी घ्या असं कुणी सांगितलं नव्हतं. पण माणसाला एकेक खोड असते, तशी ही.

केंद्रात पाहुणा आला की आधी नाकाला रुमाल लावायचा. हजेरीला त्याचं हसू यायचं. मैल्याच्या वासानं त्याचं काही वाकडं होत नव्हतं. वरच्या टाकीचा वास वेगळा, गाळाचा वेगळा, फुगे सोडायच्या टाकीचा तर ओल्या मातीसारखा, जवळजवळ चांगलाच. डोळे बांधून त्याला कुठंही उभं केलं असतं तरी त्यानं टाकी ओळखली असती. त्याला रुमाल लावावासा वाटायचा तो ऑफिसात गेल्यावर.

साहेबांच्या खोलीत फुलांच्या वासाचा फवारा मारलेला असायचा. खाली मैला, वर मोगरा, आणि मध्ये साहेब. साहेब पेनाच्या टोपणानं कान कोरायचे आणि विचारात पडले की तेच टोपण चावायचे. कागद उलटायला अंगठा जिभेला लावायचे, तोही चाटल्यासारखा, सबंध. त्यांच्याकडून आलेल्या प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक फुगलेला गोल असायचा. हजेरी असा कागद डाव्या कोपऱ्यात धरायचा.

"नवऱ्या मुलीसारखा कागद धरतोस," चाकवाला म्हणायचा. चाकवाला म्हणजे दारांची मोठमोठी लोखंडी चाकं फिरवून पाणी इकडं तिकडं वळवणारा गडी. दोघं एकाच वर्षी लागलेले.

"तू चाट मग तो कोपरा."

"मी चाक फिरवतो बाबा. माझ्याकडं कागद येतच नाहीत, देवाची कृपा."

हजेरी लागला तो बाटल्या धुवायला. नाल्यातलं, टाकीतलं, नदीतलं पाणी बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत जायचं आणि रिकाम्या बाटल्या याच्याकडं यायच्या. आठ वर्षं त्यानं बाटल्या धुतल्या. मग मीटर बसवायला एक उंच, बारमाही सर्दी झालेला तंत्रज्ञ आला. त्यानं विचारलं, इथं हात धुऊन कामाला बसणारं कोण आहे? सगळ्यांनी याच्याकडं बोट दाखवलं. तंत्रज्ञ तीन दिवस नाक ओढत शिकवत राहिला. त्यातलं याच्या डोक्यात राहिलं ते एवढंच. एल, एस लिहिलं की नुसती नावं दिसतात. आणि एल, एस, मग मोकळी जागा, मग आडवी रेघ आणि चिकटून आणखी एक एल, असं लिहिलं की तीच यादी लांबलचक होऊन येते. प्रत्येक फाईल कुणाच्या नावावर आहे, किती मोठी आहे, शेवटची कधी जतन झाली, तारीख आणि तास-मिनिटासकट.

"छोटी यादी म्हणजे दारावरची पाटी," तंत्रज्ञ म्हणाला आणि शिंकला. "लांब यादी म्हणजे आत जाऊन बघणं."

तपासणीला कुणी आलं की कागदांना फायलींची यादी जोडायची आणि खाली हजेरीची सही, ही पद्धत पुढं पडून गेली. जोडायची ती छोटी यादी. एका पानात बसते म्हणून.

हजेरीला वाढवलं ते त्याच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं. आई लवकर गेली, बाप कामाच्या नावाखाली गावोगाव. अक्का बारा वर्षांची आणि हा पाचाचा. अक्कानं कोंबड्या पाळल्या होत्या. दिवस कलला की त्या डालायला, म्हणजे बांबूच्या टोपल्यात कोंडायला, हा मदतीला. एकदा यानं बोट नाचवत मोजल्या आणि सांगितलं, "अकरा. बरोबर."

अक्कानं डालगं उचललं, एका तांबड्या कोंबडीला पायाला धरून बाहेर काढलं आणि त्याच्या नाकासमोर नाचवली. "ही कुणाची? शेजारणीची. आपली पांढरी कुठाय? आकडा बरोबर आला म्हणून दात काढतोस? एकेकीचं तोंड बघायचं, धाकट्या. तोंड!"

पांढरी उकिरड्याच्या मागं सापडली. अर्धी. उरलेली मुंगसानं नेली होती. ती अर्धी कोंबडी उचलायला अक्कानं यालाच लावलं. तो ओला, कोमट भार त्याच्या बोटांना अजून आठवतो.

आता अक्का साठीच्या पुढं गेलेली. केंद्राच्या खालच्या अंगाला, नदीकाठी जी वस्ती आहे, तिथं ती राहायची. धुणं नदीवर, भांडी नदीवर, गुरांचं पाणी नदीचं. तोंडाची फटकळ, पण वस्तीत कुणाचं अडलं की आधी तिचंच दार वाजायचं.

त्या महिन्याच्या दोन तारखेला, रात्री बाराच्या जरा आधी, केंद्रातलं विजेचं मोठं पॅनेल जळालं. धूर झाला, ठिणग्या उडाल्या आणि सगळे पंप गपगार. मीटरही बंद. ऑफिसची वीज दुसऱ्या तारेवरून येते, म्हणून साहेबांचा पंखा आणि फायलींचा कॉम्प्युटर तेवढे चालू राहिले. पण शहर काही थांबत नाही. वरून मैलापाणी येतच होतं, टाक्या काठोकाठ भरल्या. शेवटी साहेबांनी सांगितलं आणि चाकवाल्यानं बाजूचं दार उघडलं. एकट्यानं चाक हलेना, तेव्हा हजेरीनंही हात लावला. सगळं पाणी जसं आलं तसं, काळं, फेसाळ, नदीत गेलं. तीन, चार, पाच तारीख, असे तीन दिवस.

यात पाप नव्हतं. दार उघडलं नसतं तर केंद्रच बुडालं असतं. खालच्या वस्तीला निरोप धाडायचा, वरच्या ऑफिसला कळवायचं, कागदावर लिहायचं, की अमुक दिवशी असं असं झालं. एवढंच करायचं होतं. साहेबांनी तेवढंच केलं नाही.

त्या तीन दिवसांची हजेरी घ्यायलाही तो रोज सकाळी कॉम्प्युटरपुढं उभा राहिला. एल, एस, एंटर. काही नाही. नुसती रिकामी ओळ आणि टिमटिमणारी रेघ.

"चोवीसच्या चोवीस गैरहजर," तो म्हणाला.

"मीटरला पण सुट्टी लागते," चाकवाला दारातून ओरडला.

चौथ्या दिवशी अक्का फाटकातून थेट ऑफिसात आली. एका हातात काळ्या पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत मेलेले मासे, पोटं फुगून पांढरी झालेले, डोळ्यांवर साय आलेली. तिनं पिशवी साहेबांच्या टेबलावर उपडी केली. साहेब खुर्चीसकट मागं सरकले.

"वस्तीतल्या पोरांच्या अंगाला फोड आलेत," अक्का म्हणाली. "म्हशीनं पाणी प्यायलं, ती उठत नाही. काय सोडलंत खाली?"

"बाई, इथून सोडलं जातं ते शुद्ध केलेलं पाणी. आमच्याकडं तासातासाची नोंद आहे."

"मग प्या," अक्का म्हणाली आणि बाटली पुढं केली.

साहेबांनी फवारा उचलला आणि माशांवर मारला. मोगऱ्याचा वास आणि सडक्या माशाचा वास एकात एक मिसळला. दाराशी उभ्या हजेरीला बाहेर जाऊन थुंकावं लागलं. अख्ख्या आयुष्यात इतकी घाण आपल्या नाकात शिरली नव्हती, असं त्याला वाटलं, आणि हा माणूस पंचवीस वर्षं मैल्यात वावरलेला.

अक्कानं वस्तीतली घरं पालथी घातली, चाळीस सह्या गोळा केल्या आणि वरच्या ऑफिसात तक्रार दिली. पहिली सही तिची. चोवीस तारखेला तपासणी अधिकारी केंद्रातच येणार, दोन्ही बाजू ऐकणार, असं पत्र आलं. पत्रात खाली एक ओळ होती. तक्रार खोटी निघाली तर पहिल्या सहीवाल्यानं सगळ्यांसमोर लेखी माफी मागायची.

"मी माफी मागणार?" अक्का म्हणाली. "त्यापेक्षा ते पाणी पिऊन मरेन." पण पत्राची घडी तिनं तीनदा उघडली आणि तीनदा घातली. वस्तीतले चाळीस जण तिच्या शब्दावर आले होते. उद्या ती खोटी ठरली तर तिच्या दाराशी कुणी उभं राहिलं नसतं, आणि अक्काला तर दारात माणूस लागतो.

तेवीस तारखेला साहेबांनी हजेरीला बोलावलं. "ती नेहमीची यादी काढा. तीन, चार, पाच तारखेची. उद्या जोडायची आहे."

"त्या दिवशी मीटर बंद होता, साहेब. फोल्डर रिकामे आहेत."

"बघा तर."

हजेरी कॉम्प्युटरपाशी गेला. फडकं, कीबोर्ड, एल, एस, एंटर. तीन तारखेच्या फोल्डरमधून चोवीस नावं उतरली. चार तारखेला चोवीस. पाच तारखेला चोवीस. एकूण बहात्तर. बाराची हजर, एकची हजर. नावं बिनचूक, एकाही अक्षराची गफलत नाही.

 जिथं काही नव्हतं, तिथं आता काहीतरी बसलं होतं. बोटांना तो ओला, कोमट भार आठवला. त्यानं पुन्हा लिहिलं. एल, एस, मोकळी जागा, आडवी रेघ, एल.

लांब यादी आली, आणि तो एकेकीचं तोंड बघत गेला.

मीटरची फाईल 'मीटर' या नावावर असते. या बहात्तर साहेबांच्या नावावर होत्या. मीटरच्या फायली कधी एका मापाच्या नसतात. आकडे लहानमोठे येतात, कधी एखादा अक्षर जास्त, कधी दोन कमी. या मात्र साच्यातून काढल्यासारख्या, सगळ्या एक हजार चार बाइटच्या. फक्त चार तारखेची सकाळी नऊची एक हजार पाच. तिथं कुठंतरी बोट घसरून एक रिकामी जागा राहून गेली असावी. आणि तीन, चार, पाच तारखेच्या या फायली शेवटच्या जतन झाल्या होत्या बावीस तारखेला. काल. पहिली दुपारी दोन वाजून आठ मिनिटांनी, दुसरी दोन-दहाला, तिसरी दोन-अकराला. दर दीड-दोन मिनिटाला एक. एखाद्या चांगल्या दिवसाची फाईल उघडायची, तारीख-वेळ बदलायची, नवं नाव देऊन ठेवून द्यायची. बहात्तर वेळा.

मध्ये एक फट होती. तीन-अठ्ठावीसनंतर एकदम तीन-बावन्न. हजेरी त्या फटीकडं बघत राहिला, आणि मग त्याला कळलं. साडेतीनला ऑफिसात चहा येतो. साहेब बशीत ओतून फुर्र करून पितात, बिस्किटाचा चिखल बोटानं काढून खातात. चाळीस घरांचं पाणी खोटं करायला माणूस बसला होता, आणि मध्येच उठून त्यानं चहा प्यायला. मग बोटं चाटली असतील. मग त्याच बोटांनी पुढच्या फायली.

त्यानं फडकं काढलं आणि कीबोर्ड पुन्हा पुसला. कोपरे, कडा, बटणांमधल्या फटी. साहेब कुठं बसून हे करून गेले, कुणास ठाऊक. तरी पुसला.

"साहेब," तो खोलीत जाऊन म्हणाला, "या फायली बावीस तारखेच्या आहेत."

"नाव वाचा ना. तीन, चार, पाच."

"नाव आहे तसं. लांब यादीत कळतं. कुणी केल्या तेही कळतं."

साहेब उठून आले. काळ्या पडद्यापाशी इतकं वाकले की त्यांचा श्वास काचेवर उमटला. "हे पुसता येतं?"

"येत असेल. मला येत नाही."

साहेबांनी टोपण चावलं. मग हसले. "मग नकोच ते. नेहमीची काढा, नुसती नावं. मी तुम्हाला खोटं लिहायला सांगतोय का? नावं आहेत ना तिथं? आहेत तेवढीच छापा आणि खाली सही करा. यात खोटं काय?"

हजेरीचा हात कीबोर्डकडं गेला नाही.

"आणि ती पहिल्या सहीवाली," साहेबांनी अंगठा जिभेला लावून समोरचा कागद उलटला, "तुमची बहीण ना? दार उघडताना चाकाला हात कुणाचा होता, ते मला सांगायला लावू नका. उद्या तिच्यासमोर सांगावं लागेल."

हजेरीनं छोटी यादी छापली. एका पानात बसली. खाली सही केली. साहेबांनी कागद घेतला, अंगठा ओला करून कोपरा मोजल्यासारखा चाळवला, आणि तो फुगलेला गोल याच्या सहीच्या अक्षरावर उमटला. शाई पसरली. हजेरी बाहेर आला. कागदात एकही शब्द खोटा नव्हता, तरी त्यानं नळाखाली उजवा हात साबणानं कोपरापर्यंत धुतला.

घरी जाताना तो वस्तीकडं वळला. अक्का अंगणात कोंबड्या डालत होती.

"आलास? धर ते डालगं. तुझ्या साहेबानं काय काढलंय उद्याला?"

"यादी."

"कसली?"

"फायलींची. तीन दिवसांच्या. बहात्तर आहेत."

अक्का थांबली. "तू तर मागं म्हणाला होतास, मीटर बंद होता."

"होता."

"मग बहात्तर आल्या कुठून?"

हजेरीनं डालगं खाली ठेवलं. काय सांगणार? त्यानं चाकाचं सांगितलं. दार उघडायला आपला हात होता, तेही सांगितलं. फायलींचं सांगितलं. सहीचं मात्र गिळलं.

 अक्का हसली, पण ते हसणं कसलं, नाक मुरडल्यासारखं. "चाकाला हात लावला म्हणून घाबरतोस होय? अरे, दार बंद राहिलं असतं तर तिथं तू बुडाला असतास. त्याला मी काय म्हणणार? पण बहात्तर कोंबड्या शेजारणीच्या आणून डालल्या, आणि तू मोजून 'बरोबर' म्हणालास?"

"मी म्हणालो नाही."

"मग काय केलंस?"

तो डालग्याची काडी सोलत राहिला. तिनं ओळखलं. तिनंच त्याला वाढवलेला.

"सही केलीस," अक्का म्हणाली. तिनं उरलेली कोंबडी मानेखाली धरली, डालग्यात ढकलली, वर दगड ठेवला आणि हात पदराला पुसले. "जा घरी. तुझ्याकडं बघवत नाही."

बायकोनं ताट वाढलं, त्यानं हात लावला नाही. "काय झालं?" तिनं विचारलं. "वास येतोय," तो म्हणाला. तिनं ताट नाकाशी नेलं, हुंगलं. "कशाला येतोय?" त्यानं स्वतःचा उजवा हात पुढं केला. तिनं तोही हुंगला आणि म्हणाली, "साबणाचाच येतोय. झोपा आता."

चोवीस तारखेला केंद्राच्या मोठ्या खोलीत टेबलं जोडून ठेवली होती. एका बाजूला साहेब, समोर अक्का आणि वस्तीतले सात-आठ जण, मध्ये तपासणी अधिकारी. अधिकारी एक ठेंगणी, गंभीर बाई होती. आल्या आल्या तिनं मोगऱ्याच्या फवाऱ्याचा वास घेतला, खिडकी उघडली आणि म्हणाली, "मैल्याच्या केंद्रात मैल्याचा वास यावा, मला चालतो." दाराशी उभ्या हजेरीला ती तिथंच आवडली.

साहेबांनी कागद मांडले. ग्राफ, सरासऱ्या, शिक्के. शेवटी ती यादी. "तीन दिवस, बहात्तर तास, बहात्तर फायली. एकही तास सुटलेला नाही. मीटर चालू होता, पाणी शुद्ध होतं. तक्रार कशाच्या आधारावर आहे, ते मला तरी समजत नाही."

अधिकारी बाईनं अक्काकडं बघितलं. "तुमच्याकडं काही आहे?"

अक्कानं बाटली ठेवली. काळं पाणी खाली बसून वर पिवळट झालं होतं. "हे आहे."

"ही कुठूनही भरता येते, मॅडम," साहेब म्हणाले.

वस्तीतला एक म्हातारा अक्काच्या कानाशी लागून म्हणाला, "सह्या मागं घ्यायच्या का?" अक्कानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती दाराकडं बघत होती. हजेरीकडं.

अधिकारी बाईनं यादीचा कागद उचलला. त्या फुगलेल्या गोलावर तिचं बोट पडलं, तसं तिनं ते चटकन काढलं आणि टेबलाच्या कडेला पुसलं. "ही यादी कुणी काढली?"

"मी," हजेरी म्हणाला.

"बरोबर आहे?"

 साहेबांचं टोपण दातांत थांबलं.

"नावं बरोबर आहेत," हजेरी म्हणाला. "यादी अर्धी आहे. उरलेली अर्धी दाखवतो."

"हजेरी," साहेब म्हणाले.

"हजर," हजेरी म्हणाला. कोपऱ्यातला रोजचा कॉम्प्युटर मोठ्या पडद्याला जोडलेला होता. त्यानं फडकं काढलं, कीबोर्ड पुसला, अगदी सावकाश. वस्तीतल्या कुणाला वाटलं असेल, हा घाबरून वेळ काढतोय. मग एल, एस, मोकळी जागा, आडवी रेघ, एल. एंटर.

भिंतीवर लांब यादी उतरली. त्यानं बोट ठेवून सांगितलं. ही फाईल कुणाच्या नावावर, ही किती मोठी, ही कधी ठेवली. बाजूला खऱ्या दिवसाचा फोल्डर उघडून दाखवला. मीटरचं नाव, लहानमोठी मापं, तासातासाच्या वेळा. मग पुन्हा त्या बहात्तर. एक हजार चार, एक हजार चार, एक हजार चार.

अधिकारी बाई उठून पडद्याजवळ गेली. ती यादी ती वरपासून खालपर्यंत वाचत गेली, ओठ हलवत. अर्ध्याशी थांबली. "इथं तीन-अठ्ठावीसनंतर चोवीस मिनिटं काही नाही. तेव्हा काय झालं?"

"चहा," हजेरी म्हणाला.

वस्तीतलं कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. साहेब म्हणाले, कॉम्प्युटरचं घड्याळ मागंपुढं असतं. अधिकारी बाईनं मनगटावरचं घड्याळ पडद्यावरच्या घड्याळाशी जुळवून बघितलं. मिनिटाचाही फरक नव्हता. मग तिनं यादी छापायला सांगितली, लांब. तीन पानं झाली. हजेरीनं प्रत्येक पानावर सही केली आणि म्हणाला, "पहिल्या यादीवरची सहीपण माझीच आहे. आणि दार उघडताना चाकाला हात लावला होता, तोही माझाच. लिहून घ्या."

"माझाही," चाकवाला दारातून म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. पण तो केव्हाचा तिथं घुटमळत होता.

तक्रार खरी धरली गेली. अक्काला माफी मागावी लागली नाही. वस्तीसाठी एका विहिरीचं पाणी वळवायचं ठरलं, ते झालंही, पण चार महिन्यांनी. साहेबांची बदली दुसऱ्या केंद्रावर झाली. तिथं ते आता नवा कॉम्प्युटर मागतात म्हणे. खोट्या यादीवर सही केल्याबद्दल हजेरीला जाळीच्या खोलीत टाकलं. वाहत आलेल्या चिंध्या, केस, मेलेले उंदीर जिथं जाळीला अडकतात आणि फावड्यानं ओढून काढावे लागतात, ती खोली. सगळ्यांना वाटलं, हा आता सोडून जाणार. तो गेला नाही. उलट म्हणाला, "इथं निदान काय आहे ते दिसतं."

एका रविवारी तो अक्काकडं गेला. ती अंगणात होती. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. दिवस कलला तशी म्हणाली, "डालगं धर." त्यानं धरलं. तिनं एकेक कोंबडी आत सोडली आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडं बघितलं, हा तोंड बघतोय का नुसता मोजतोय.

"सही आधी केलीस, ते मी विसरणार नाही," ती म्हणाली.

"मीही नाही."

"मग बरंय. दगड ठेव वर."

जाळीच्या खोलीत जायच्या आधी, रोज सातला, तो अजून कॉम्प्युटरपाशी जातो. नवे साहेब सकाळी उशिरा येतात, म्हणून कुणी हटकत नाही. अधिकारी बाईनं त्या बहात्तर फायली पुराव्यासाठी काढून नेल्या, पण तीन फोल्डर जागेवर राहू दिले. कालच्या फोल्डरची हजेरी झाली की महिन्यातून एकदा तो त्या तीन फोल्डरांत डोकावतो. फडकं, कीबोर्ड. एल, एस, एंटर. काळ्या पडद्यावर काहीच उमटत नाही, खाली नवी ओळ येऊन रेघ टिमटिमते.

"गैरहजर," तो म्हणतो. खोलीत अजून जुन्या साहेबांच्या मोगऱ्याचा उग्र वास खिडकीच्या पडद्यांत कुठंतरी मुरलेला आहे. तो खिडकी उघडतो, खाली वाकून पचकन थुंकतो, आणि फावडं आणायला जातो.